बदल हवा, तोही तारखेसह

निवडणूक जवळ आली की 'लोकांना आता बदल हवाय' हे वाक्य चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. महागाईने घराचं गणित बिघडलेलं असतं, शिकलेली मुलं घरी बसून असतात, एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत चार-चार खेटे घालून माणसं वैतागलेली असतात. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात, आणि त्या आपण वेगळ्या करत नाही. पहिली मागणी अशी, की खुर्चीवरच्या या माणसाला उतरवा. दुसरी अशी, की खुर्चीवर उद्या कुणीही बसो, त्याला पुन्हा असं वागता येऊ नये. पहिली मागणी पुरी करून घेणं भारतीय मतदाराला चांगलं जमतं, त्याने ते अनेकदा करून दाखवलं आहे. दुसरी लाटेच्या जोरावर आपोआप पुरी होत नाही. ती लिहून घ्यावी लागते, तिच्यावर तारीख घालून घ्यावी लागते, आणि हे सगळं लोकांचा संताप ताजा असेपर्यंतच करावं लागतं. स्वतंत्र भारतात हे सगळ्यात स्पष्टपणे दिसलं ते १९७७ मध्ये.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या, तेव्हा विरोधी पक्षांचे नेते एकतर तुरुंगात होते किंवा नुकते सुटत होते. आणीबाणीत एकट्या 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे ३५ हजार माणसं विनाचौकशी डांबली गेली होती. जनता पक्ष अजून रीतसर एक झालेला नव्हता, निवडणूक लढवायला भारतीय लोकदलाचं चिन्ह वापरावं लागलं. हाताशी जेमतेम दोन महिने होते. तरीही २० मार्चच्या रात्री रायबरेलीचा निकाल आला आणि खुद्द पंतप्रधान ५५ हजारांहून अधिक मतांनी हरल्याचं देशाला कळलं. दुसऱ्या दिवशी आणीबाणी उठली.

महाराष्ट्रात हा असंतोष मतपेटीच्या बराच आधी बोलू लागला होता. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या उपस्थितीत अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही अटक झाली. १९७७ च्या प्रचारात पु. ल. देशपांडे सभा घेत फिरले. मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं बायकांचे मोर्चे काढणाऱ्या मृणालताई गोरे खासदार झाल्या आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा मुंबईकरांच्या तोंडी बसली. त्या दिवसांबद्दल जुनी माणसं अजूनही आवाज चढवून बोलतात. देशाच्या इतिहासात इतका मोकळा श्वास फार थोड्या वेळा घेतला गेला असेल.

आता त्याच निकालाचा नकाशा पाहू. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. पण आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. महाराष्ट्र मधोमध उभा होता: ४८ पैकी २० जागा काँग्रेसला, बाकीच्या जनता पक्ष, शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन अशा विरोधकांना. मुंबई काँग्रेसवर संतापलेली, साताऱ्यात मात्र यशवंतराव निवडून आलेले. मतांची टक्केवारी तर आणखी बोलकी आहे. इतक्या दारुण पराभवातही काँग्रेसला सुमारे साडेचौतीस टक्के मतं होती, जनता पक्षाला ४१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुरुंग, सेन्सॉर आणि नसबंदीच्या छावण्या अनुभवून झाल्यावरही मतदान करणाऱ्या दर तिघांतला एक जण त्याच पक्षाच्या मागे होता. 'देशाने हुकूमशाही झुगारली' हे वाक्य मला मनापासून प्रिय आहे, पण देशाच्या एका भागाने ती झुगारली आणि दुसऱ्या भागाला ती तितकीशी बोचलीच नव्हती, हे त्या आकड्यांत लिहिलेलं आहे. उत्तरेत नसबंदीची जी सक्ती घराघरात शिरली, तिचा जाच दक्षिणेत त्या प्रमाणात झाला नव्हता. ज्याच्या दारात सरकार हात पिरगाळायला येतं, त्याला बदल हवा असतो.

असा नकाशा समोर असताना 'देशाचा कौल' हे शब्द जपून वापरायला हवे होते. जनता पक्षाने ते वापरले ते थेट राज्य सरकारं पाडायला.

एप्रिल १९७७ मध्ये गृहमंत्री चरणसिंह यांनी काँग्रेसची सरकारं असलेल्या नऊ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. कारण काय, तर लोकसभेत तुमच्या पक्षाची धूळधाण झाली, आता तुम्हाला जनाधार उरलेला नाही. त्यांतल्या बऱ्याच विधानसभांची मूळची पाच वर्षं संपली होती आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या वाढीव वर्षावर त्या चालत होत्या, हे जनता पक्षाच्या बाजूने सांगायलाच हवं. पण उत्तर प्रदेश आणि ओडिशाच्या विधानसभा १९७४ मध्ये निवडून आल्या होत्या, त्यांना हे कारण लागू नव्हतं. राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली, हरली. कार्यवाहक राष्ट्रपती बी. डी. जत्ती सही करायला कचरले, पण अखेर त्यांनी केली. एकाच फटक्यात नऊ राज्यांत राष्ट्रपती राजवट आली.

१९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या. १७ फेब्रुवारीला त्यांनी नऊ राज्य सरकारं बरखास्त केली. आकडा तोच, कारण तेच, फक्त बरखास्त झालेले आता विरोधी बाकावरचे होते. त्यांत महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही गेलं आणि जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. पुलोदच्या समर्थकांनी तेव्हा लोकशाहीचा गळा घोटला म्हणून आरोळी ठोकली, ती योग्यच होती. मात्र ज्या सुरीने हे झालं तिला धार तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच मित्रांनी दिली होती. आणीबाणीविरुद्ध लढलेल्या माणसांनी राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ ला लगाम घालायचं सोडून तो स्वतः वापरला, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो लगाम घालायला १९७७ इतकी चांगली वेळ पुन्हा आलीच नाही. तो घातला गेला १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात, आणि तोही न्यायालयाने. दरम्यानच्या १७ वर्षांत केंद्राला नकोशी झालेली किती सरकारं घालवली गेली, हे कुठल्याही राज्याच्या राजकीय इतिहासात सापडेल.

मग १९७७ च्या त्या लाटेतून काहीच उरलं नाही का? उरलं, आणि जे उरलं ते फार मोलाचं आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या पत्रावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी पहाटे, झालेल्या गोष्टीला मान डोलवण्यापुरती. घटनेत तेव्हा 'अंतर्गत अशांतता' हे कारण पुरेसं होतं, आणि अशांतता म्हणजे काय हे ठरवणारे तेच, ज्यांना आणीबाणी हवी होती. पुढे एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि सरन्यायाधीशपद गमावलं.

जनता सरकारने १९७८ मध्ये आणलेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने यातल्या एकेका भोकावर नेमकं बोट ठेवलं. 'अंतर्गत अशांतता' गेली, तिच्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. पंतप्रधानांचं पत्र पुरणार नाही, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागेल. महिन्याभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागेल, ती दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावी लागेल. आणि जगण्याचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही. लोकसभेची सहा वर्षं केलेली मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली गेली.

राज्यसभेत जनता पक्षाकडे बहुमत नव्हतं. काँग्रेसच्या मतांशिवाय हे विधेयक पुढे सरकणं अशक्य होतं. त्यामुळे घासाघीस झाली, काही कलमं गाळावी लागली, सार्वमताची तरतूद राज्यसभेने उडवून लावली. लाटेवर स्वार झालेल्यांना ही तडजोड तेव्हा कमीपणाची वाटली असेल. माझ्या मते याच घासाघिशीने ती दुरुस्ती टिकली. १९८० मध्ये ३५३ आणि १९८४ मध्ये चारशेहून अधिक जागा घेऊन आलेल्या काँग्रेसने देशभरासाठी तिला हात लावला नाही; १९८८ मध्ये ५९ व्या घटनादुरुस्तीने पंजाबपुरता केलेला अपवादही दोन वर्षांत रद्द झाला. ज्याला आपल्याही सह्या आहेत तो कागद फाडणं अवघड जातं. १९७५ नंतर देशात अंतर्गत कारणावरून एकदाही आणीबाणी लागली नाही, आणि याचं श्रेय मी राज्यकर्त्यांच्या सौजन्याला द्यायला तयार नाही. त्या कलमांनी वाटच बिकट करून ठेवली आहे.

पण याच दुरुस्तीत एक जखम आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. संविधानाची कुठलीही अधिकृत प्रत उघडून अनुच्छेद २२ पाशी जा. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा सिद्ध न होता माणसाला आत ठेवण्याचा, तो अनुच्छेद. चौथ्या खंडाखाली तळटीप दिसेल. ती सांगते, की ४४ व्या दुरुस्तीच्या कलम ३ ने हा खंड बदलला आहे, पण तो बदल अजून अंमलात आलेला नाही. कलम ३ म्हणतं ते साधं आहे: सल्लागार मंडळासमोर न नेता माणसाला तीन महिन्यांऐवजी दोनच महिने ठेवता येईल, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल, अध्यक्ष म्हणून पदावर असलेले न्यायाधीश असतील. म्हणजे ज्या सरकारने पकडलं, त्याच सरकारने निवडलेली माणसं तपासायला बसणार नाहीत. संसदेने हे मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र दुरुस्तीतली कलमं कोणत्या दिवसापासून लागू होतील हे ठरवण्याचा अधिकार तिने केंद्र सरकारवर सोपवला. बहुतेक कलमं २० जून १९७९ पासून लागू झाली. कलम ३ ची तारीख ठरायची राहिली. पुढच्याच महिन्यात सरकार कोसळलं.

सप्टेंबर १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचा वटहुकूम आला. त्याखाली पकडलेल्यांत धनबादचे खासदार, मार्क्सवादी समन्वय समितीचे ए. के. रॉय होते. त्यांच्या खटल्यात प्रश्न आला, की संसदेने मंजूर केलेली सुधारणा सरकार अशी किती काळ दाबून ठेवू शकतं? डिसेंबर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की अमुक तारखेपासून लागू करा असा आदेश आम्ही सरकारला देऊ शकत नाही. तेव्हापासून काँग्रेसची सरकारं आली, जनता दलाचं आलं, संयुक्त आघाडीचं, भाजपचं, पुन्हा काँग्रेसचं, पुन्हा भाजपचं. त्यांतल्या अनेक पक्षांचे नेते आणीबाणीत स्वतः मिसाखाली तुरुंगात होते, दरवर्षी २५ जूनला ते त्या दिवसांची आठवण काढतात. ती तारीख त्यांच्यापैकी एकानेही ठरवली नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत 'एमपीडीएखाली', म्हणजे राज्याच्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली, 'स्थानबद्ध' अशी बातमी येते, तेव्हा त्या माणसाच्या सुटकेचा विचार अजूनही त्या दुरुस्तीच्या आधीच्याच चौकटीत होतो. तो माणूस चांगला की वाईट हा इथे प्रश्नच नाही. १९७८ मध्ये देशाच्या संसदेने त्याला दिलेली हमी त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

बाकीच्या गोष्टींचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पोलिसांचा वापर राजकीय हत्यारासारखा झाला म्हणून १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. त्याने आठ अहवाल दिले, शेवटचे अहवाल आले तेव्हा सरकार बदललं होतं. ते धूळ खात पडले, शेवटी प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे निर्देश दिले आणि राज्यांनी त्यांतूनही पळवाटा काढल्या. आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता देण्यासाठी वर्गीस समिती नेमली, विधेयक लोकसभेबरोबर बुडालं. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि तोही लागू झाला १९९७ मध्ये. इथेही सात वर्षं तारीखच नव्हती.

१९८० च्या निकालाबद्दल एक मत मी वारंवार ऐकतो: लोक विसराळू असतात, ज्या बाईंना हाकललं तिलाच तीन वर्षांत डोक्यावर घेतलं. मला हे मत मतदाराचा अपमान करणारं वाटतं. १९७७ मध्ये लोकांनी सांगितलं होतं, आमच्या अंगावर येऊ नका. ते काम पहिल्या वर्षातच बरंचसं झालं. तुरुंग उघडले, सेन्सॉर गेला, नसबंदीची सक्ती थांबली, १९७८ मध्ये मिसाही रद्द झाला. त्यानंतर लोकांच्या पुढ्यात आली ती मोरारजी, चरणसिंह आणि जगजीवनराम यांची भांडणं, जनता पक्ष आणि रा. स्व. संघ अशा दुहेरी सदस्यत्वाचा वाद, वाढती महागाई, आणि लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेले पंतप्रधान. इंदिरा गांधींनी 'काम करणारं सरकार निवडा' एवढंच म्हटलं आणि ते पटलं. मतदानाची टक्केवारी १९७७ मध्ये साठीच्या घरात होती, ती १९८० मध्ये ५७ पर्यंत घसरली, म्हणजे काही जण घरीच बसले. लोक आणीबाणी विसरले नव्हते. आणीबाणी घालवायला जी माणसं निवडली होती त्यांच्याकडे त्यापुढचं काही नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. जनमत असं दर दोन-तीन वर्षांनी सरकतं, आणि त्याने तसं सरकायलाच हवं, नाहीतर निवडणुका घ्यायच्या कशाला? म्हणूनच जे टिकवायचं ते जनमताच्या भरवशावर सोडता येत नाही.

महाराष्ट्राने हे अगदी अलीकडे पाहिलं. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. दोन्ही बाजूंच्या मतांतला फरक एक टक्क्याहूनही कमी होता, तरी 'महाराष्ट्राने कौल दिला' म्हणून पेढे वाटले गेले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा आणि महाविकास आघाडीच्या तिघांना ४६. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जमा झाले होते. कुणी म्हणतं पैशाने मत फिरलं, कुणी म्हणतं लोकसभेचा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. मला दोन्हींत तथ्य वाटतं, आणि दीड हजारांना हसणाऱ्यांनी एकदा आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताईंना विचारावं त्या पैशांचं काय होतं ते.

पण या दोन्ही निवडणुका झाल्या तेव्हा मुंबई आणि पुणे महापालिकांत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली होती, प्रशासक बसले होते. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे हे ७४ व्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. आरक्षण, प्रभागरचना आणि खटले यांच्या गुंत्यात ते वर्षानुवर्षं अडकून राहिलं, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. नळाला पाणी आलं नाही तर जायचं कुणाकडे, हा प्रश्न लाखो घरांत रोज विचारला जात होता. कुठल्याही बाजूच्या प्रचारसभेत तो मुद्दा म्हणून गाजला नाही. कुणाला पाडायचं यावर राज्य तावातावाने भांडत होतं, आणि आपल्या शहराचा कारभार आपल्या मताशिवाय चाललाय याचा कुणाला राग आला नाही.

पक्षांतराचंही तसंच. १९८४ च्या लाटेनंतर १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, आयाराम-गयारामांना कंटाळलेल्या देशाने तिचं स्वागत केलं. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिला, पण तो किती दिवसांत द्यायचा हे लिहिलं नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिने पुरेत असं म्हटलं. शिवसेनेच्या जून २०२२ मधल्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, तोवर विधानसभेच्या मुदतीचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. निर्णय कुणाच्या बाजूने लागला हा वाद बाजूला ठेवू. इतक्या उशिराने लागलेल्या निर्णयाने कुठल्याच मतदाराला न्याय मिळू शकत नव्हता.

आणि महिला आरक्षण. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी ते मंजूर झालं. इतकं एकमत आपल्या संसदेत क्वचित दिसतं. त्यात लिहिलं, की पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर ते लागू होईल. अभिनंदनाचे फलक गावोगाव लागले आणि २०२४ ची लोकसभा निवडणूक त्याच्याविनाच झाली. ज्या बायकांनी त्या दिवशी आनंदाने टाळ्या वाजवल्या त्यांना दोष कसा देणार? त्यांना कुणी तारीख सांगितलीच नव्हती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. सोयाबीनला भाव नाही, मुलाला नोकरी नाही, अशा माणसाने कलमं आणि तळटिपा कधी बघायच्या? हे शिकल्यासवरल्यांचे चोचले आहेत. पण १९७७ मध्ये अनुच्छेद २१ चा अर्थ सगळ्यात आधी कळला तो उत्तर प्रदेश-बिहारच्या खेड्यांत, शेतमजुरांना आणि छोट्या दुकानदारांना. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतली सक्ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांना कायद्याचं पुस्तक वाचायची गरज नव्हती, त्यांचं शरीर हाच पुरावा होता. आपल्याकडेही तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, नाहीतर महाराष्ट्रातल्या घरांतही त्या वर्षाच्या वेगळ्या आठवणी असत्या. नियम नसल्याची किंमत सगळ्यात आधी गरीब माणूस मोजतो. वकील लावायची ऐपत असलेल्याला काही ना काही वाट सापडते.

मतदाराने घटनातज्ज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही. पण 'बदल' म्हणून मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न कुणीही विचारू शकतं: तुम्ही आल्यावर नेमका कुठला नियम बदलणार, आणि कोणत्या तारखेपासून? पीकविम्याचे पैसे किती दिवसांत जमा होतील हे विचारायला शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच शेतकरी 'पोलिसांनी उचललं तर माझी सुनावणी किती दिवसांत?' हेही विचारू शकतो. पत्रकारांनी तर ते विचारलंच पाहिजे. कोण किती जागा जिंकणार याच्या चाचण्यांवर जेवढी मेहनत होते तिचा दहावा हिस्सा जाहीरनाम्यांतल्या तारखा तपासण्यात गेला, तर पक्षांना तारखा लिहाव्या लागतील. आणि निवडून आलेल्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षात, डोक्यात विजय भिनायच्या आत, विरोधकांना सोबत घेऊन एक तरी असा नियम करा जो उद्या तुमच्यावरही चालेल. १९७८ मध्ये हे जमलं होतं, तेही राज्यसभेत अल्पमतात असताना.

कलम ३ लागू करायला आज नवी घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत मतदान लागत नाही, अधिवेशनाचीही वाट बघावी लागत नाही. केंद्र सरकारची राजपत्रातली एक अधिसूचना पुरेशी आहे. सत्ताधारी असो की विरोधी, पुढच्या लोकसभा निवडणुकीत माझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला मी विचारणार आहे, की तुमचा पक्ष ती अधिसूचना काढेल का, आणि काढणार असेल तर शपथविधीनंतर किती दिवसांत.